बेस कमी आहे

आधी शारंगचा निरोप आला, रात्री पावणेएकला:
"भिया, ड्रम मस्त. बेस कमी आहे."
मी म्हटलं, मोबाइलवर ऐकतोयस, मोबाइलला पोट नसतं.
मग कीबोर्डवाली इरावती: तिला स्वतःची डावी बाजू
थोडी उजळ हवी होती. आणि बेस?
"हो, तोही जरा."
गायक वरदला फक्त वरद ऐकू आला होता.
तो खूश होता. गायकांचं बरं असतं.

राजेंद्रनगरच्या मैदानावर, डिसेंबरात,
सोळा माइक लावून घेतलेला हा कार्यक्रम.
थंडीने गिटार दर दोन गाण्यांनी बिघडायची,
झांज प्रत्येक माइकात घुसलेली,
जसा लग्नात नवऱ्याचा मामा प्रत्येक फोटोत.
तिसऱ्या कडव्यात महूकडून आलेल्या गाडीचा भोंगा,
आणि तोही सुरात.
तो मी ठेवला.
तो ठेवण्यात एक अख्खी रात्र घालवली.

शेवटी विपटबाईंकडे गेलो, लोकमान्यनगरात.
बाईंनी रेडिओवर एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे आवाज मापात ठेवले.
आता उजव्या कानात यंत्र आहे,
ऐकायचं असलं की ते काढून
चष्म्याच्या घरात ठेवतात.
माझे महागडे हेडफोन त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवले.
"स्पीकरवर लाव. लहान आवाजात.
आणि चल, स्वयंपाकघरात बसू.
भिंतीपलीकडून पोचेल तेवढंच तुझं."

गवार मोडत बसल्या. मीही मोडू लागलो.
बाहेरच्या खोलीत माझा बँड
एवढासा झाला होता,
तीन गल्ल्यांपलीकडच्या लग्नासारखा.
पहिलं गाणं गेलं. दुसरं.
भोंगा आला तेव्हा एकदाच मान हलली.
चौथ्या गाण्यात त्यांनी विचारलं,
"बेस वाजवणारा मुलगा कोण?"
पार्थिव पोतनीस, मी म्हटलं. नवा आहे. म्हणजे, दोन वर्षं झाली.
"त्याच्या आधी कोण वाजवायचं?"

गवारीचा दोर निघता निघत नव्हता.

"मी."

बाई बराच वेळ शेंगाच बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "बाकी सगळ्यांना तू जागा दिलीस.
त्याला नुसती परवानगी दिलीयेस."

रात्री घरी सगळ्यांना गप्प केलं
आणि एकट्या पार्थिवला उघडलं.
अकरा दिवसांत पहिल्यांदा.
तारेवरून सरकणाऱ्या बोटांची करकर,
गाणं संपल्यावर तळहातांवर मारलेली फुंकर,
आणि चौथ्या गाण्यात, जिथे मी कायम घाई करायचो,
जिथे शारंग दर वेळी मान वळवून माझ्याकडे बघायचा,
तिथे हा पोरगा थांबतो.
एक मात्रा. काहीच वाजवत नाही.
आणि शारंगची किक त्या रिकाम्या जागेत पडते,
अंधारात घरचा जिना उतरावा
तशी, न चाचपता.

ती जागा मी अकरा दिवस
फेडरखाली दाबून धरली होती,
एका बोटाने. तेवढंच लागतं.

तीन डेसिबल वर घेतला. मग अर्धा अजून.
मग, मी काही संत नाही, पाव खाली.

पहाटे पाठवलं.
शारंग: "हां भिया. आता आहे."
वरदला फरक कळला नाही.
पार्थिवने लिहिलं काहीच नाही,
दुपारी फोन केला, घसा खाकरत:
दादा, चौथ्या गाण्यात मी एके ठिकाणी थांबलोय ना,
ते चुकून झालं. पट्टा निसटला होता खांद्यावरून.
आता फारच ऐकू येतंय.
भरून काढता येईल का काही?

नाही येत, मी म्हटलं.
झांज घुसलीय रे तिथे सगळ्या माइकांत.